वाऱ्याची दिशा

माझ्या ऑफिसातील टेबलाच्या उजव्या खणात, शाळेच्या शिक्क्याच्या डबीशेजारी, गोळ्यांची दोन पाकिटे गेल्या वर्षी बरेच दिवस नुसती पडून होती. डॉक्टरांनी ती लिहून दिली होती, मी ती पैसे मोजून आणली होती, आणि तरीही घेत नव्हतो. भीतीवरच्या औषधाचीच एखाद्याला भीती वाटावी, यात हसण्यासारखे पुष्कळ आहे. त्या दिवसांत मात्र मला हसू येत नव्हते.

झाले ते असे. २०२४ च्या मार्चमध्ये दहावीची परीक्षा चालू होती. आमची शाळा परीक्षेचे केंद्र आहे. गणिताच्या पेपरादिवशी प्रश्नपत्रिकांचे सीलबंद पाकीट फोडण्यासाठी मी कात्री हातात घेतली आणि एकाएकी छातीत धडधडू लागले. घसा कोरडा पडला, बोटांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. आपण आता मरणार याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका राहिली नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी सारे ओसरले. तोवर आमच्या एका सहकाऱ्यांनी मला मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेले होते. कार्डिओग्राम स्वच्छ निघाला. आठवड्याने पुन्हा तेच, आणि एकदा भर रात्री झोपेतून उठवून. रक्त तपासले, थायरॉईड तपासले, सर्व ठीक. शेवटी तालुक्याच्या डॉक्टरांनी मला बेळगावच्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "सर, तुमचे हृदय उत्तम आहे. हा घबराटीचा झटका. याने माणूस मरत नाही, पण मरणाचा अनुभव मात्र पुरेपूर येतो." त्यांनी दोन गोळ्या लिहिल्या. एक रोज घ्यायची. तिचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. दुसरी झटका आला तरच, अर्धी, आणि तीही पहिले दोन-तीन आठवडेच. "दुसरी लगेच आराम देते, म्हणूनच तिच्यापासून सावध राहायचे," असे त्यांनी बजावले.

मी तत्त्वज्ञान विषय घेऊन एम.ए. झालो. तीस वर्षे प्रार्थनेनंतर मुलांसमोर उभा राहून मनोबलावर बोलत आलो. आता रोज सकाळी एक पांढरी गोळी गिळून त्याच मुलांसमोर उभे राहायचे, ही कल्पना मला सोसवेना. शिवाय आणखी एक गोष्ट होती. ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. दोन वर्षांपूर्वी दहावीतील एक मुलगा परीक्षेच्या आदल्या दिवशी माझ्याकडे आला होता. "सर, छातीत कसंतरी होतंय, वर्गात बसवत नाही," म्हणाला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "अरे, मन घट्ट कर. भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस." दुसऱ्या दिवशी तो शाळेच्या फाटकापर्यंत आला आणि तिथूनच परत गेला. त्याचे वर्ष बुडाले आणि पुढे शिक्षणही सुटले. ती गोळी घेणे म्हणजे त्या मुलाला मी जे बोललो ते चूक होते, हे मान्य करणे होते.

मेच्या सुट्टीत भोपाळहून अक्काचा फोन आला. माझा आवाज ऐकूनच तिने ओळखले. म्हणाली, "बाळ, तुला घबराहट होतेय ना? गाडीत बस आणि ये."

*

अक्का माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. लग्न होऊन १९८२ साली भोपाळला गेली. दाजी रेल्वेत होते आणि त्यांचे क्वार्टर स्टेशनपासून चालत जाण्याइतके जवळ. आमच्या सीमेवरच्या खेड्यातून इतक्या लांब मुलगी दिली म्हणून आईने वर्षभर डोळे पुसले होते. आता बेळगावला गोवा एक्सप्रेसमध्ये बसले की दुसऱ्या दिवशी रात्री भोपाळ येते. त्या काळी मिरजेला गाडी बदलावी लागे, आणि पत्र पोचायला आठवडा.

१९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशकांच्या कारखान्यातील टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट शहरावर सुटले. हे सर्वांना ठाऊक आहे. आम्हाला ते दुसऱ्या दिवशी रेडिओवर कळले. मी तेव्हा नववीत होतो. वडील त्याच रात्री निघाले.

अक्काने त्या रात्रीची हकीकत मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली आहे. सलग अशी कधीच नाही. आधी तिला वाटले, शेजारी कोणी मिरच्या भाजते आहे. मग डोळ्यांची आग होऊ लागली. दाजी रात्रपाळीला गेलेले, घरात ती आणि आठ महिन्यांची पोर. बाहेर माणसांचा लोंढा धावत होता. तीही मुलीला घेऊन दारापर्यंत आली. शेजारच्या म्हाताऱ्या चाचींनी तिला आत ढकलले, दाराच्या फटीत ओली चादर कोंबली, एक ओले फडके तिच्या तोंडावर आणि एक मुलीच्या तोंडावर धरले. त्या ओळीतल्या क्वार्टरांमधून जे धावत सुटले, त्यांतले काही परत आले नाहीत.

त्या रात्रीचा वारा कारखान्याकडून जुन्या शहराकडे, स्टेशनकडे वाहत होता. हजारो लोक त्याच दिशेने धावले, आणि वायूही त्यांच्या सोबतीने धावला. धावणाऱ्याचा श्वास खोल जातो. त्यामुळे विष आणखी आत गेले. तो वायू हवेहून जड, जमिनीलगत सरकणारा. मुले त्यात आधी सापडली. पाण्याशी त्याची क्रिया होते, म्हणून ओले फडके उपयोगी पडले. कारखान्याला लागून राहणाऱ्या लोकांना ही एवढीशी माहिती कोणीही आधी दिलेली नव्हती. भीतीने त्यांना सांगितले ते शंभर टक्के खरे होते: पळा, मरण आले आहे. वारा कुठून कुठे वाहतो आहे, हे मात्र भीतीने सांगितले नाही.

ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. मला जे म्हणायचे आहे, ते सारे या एका गोष्टीभोवती आहे.

*

पुढचे दोन आठवडेही विसरण्याजोगे नाहीत. कारखान्यात आणखी मिथाइल आयसोसायनेट शिल्लक होते. ते वापरून संपवण्यासाठी कारखाना पुन्हा चालू करायचे ठरले आणि १६ डिसेंबरचा मुहूर्त निघाला. त्या कामाला 'ऑपरेशन फेथ' असे नाव दिले होते; म्हणजे विश्वासाची मोहीम. मुख्यमंत्री अर्जुनसिंग स्वतः कारखान्यात हजर राहिले, कुंपणाला ओली कापडे बांधली गेली, वरून हेलिकॉप्टरने पाणी शिंपडले गेले. पण लोकांचा विश्वास बसला नाही. लाखो माणसे रेल्वेने, बसने, ट्रकच्या टपावर बसून शहर सोडून गेली. त्यांतच आमचे वडील, अक्का आणि तिची मुलगी होती.

ती मोहीम निर्विघ्न पार पडली. मग ती पळापळ म्हणजे नुसती घबराट होती काय? तेव्हा बरेच जण तसेच म्हणाले. मला तसे म्हणवत नाही. ज्या कारखान्याने पंधरा दिवसांपूर्वी न सांगता मारले, तोच आता सांगून चालू होतो आहे म्हटल्यावर शहाणा माणूस काय करील? भीती खरी ठरली नाही म्हणून ती वेडेपणाची होती असे होत नाही. अलीकडे पुन्हा हेच दिसले. त्या कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा २०२५ च्या जानेवारीत पिथमपूरला हलवला, तेव्हा तिथले लोक रस्त्यावर उतरले. पुढे जूनअखेर तो जाळून संपवला गेला. चाळीस वर्षे उलटल्यावरही 'भोपाळचे' एवढा शब्द भीतीला पुरेसा होता, आणि ती भीती आकाशातून पडलेली नव्हती.

अक्का तीन महिने आमच्याकडे राहिली. त्या काळात आमच्या घरी कोणी लाल मिरचीची फोडणी दिली नाही. इंजिनाची शिट्टी ऐकू येणार नाही इतके आमचे गाव आडवळणी, तरी ती रात्री दचकून उठे, छाती धरी आणि खिडक्या लावत सुटे. आजी तिची दृष्ट काढी. देवऋषीही झाला. वडील म्हणत, "पोरी, आता सारे संपले. मन घट्ट कर." ते वाक्य मी तिथेच शिकलो असेन.

*

भोपाळमध्ये तेव्हा छाती आणि डोळे यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची धावपळ चालली होती. मनाकडे पाहणारा जवळपास कोणी नव्हताच. राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांत तेव्हा एकही मानसोपचारतज्ज्ञ नव्हता, असे बंगळूरच्या निम्हान्सच्या अभ्यासकांनी लिहून ठेवले आहे. १९८५ च्या आरंभी लखनौच्या किंग जॉर्ज मेडिकल कॉलेजमधून प्रा. बी. बी. सेठी यांचे पथक आले. त्यांनी दहा दवाखान्यांत आलेल्या ८५५ रुग्णांची पाहणी केली. त्यांतले १९३ जण, म्हणजे शेकडा साडेबावीसच्या आसपास, मनाच्या आजाराने ग्रासलेले निघाले. पाचांत चार स्त्रिया. सुमारे चौथा हिस्सा चिंतेच्या आजाराचा, त्याहून मोठा खिन्नतेचा. ही माणसे मनाचे दुखणे घेऊन आली नव्हती. खोकला, डोळे, धाप घेऊन आली होती. निम्हान्सच्या डॉक्टरांनी मग तिथल्या साध्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनाच मनाचे आजार ओळखायला आणि त्यांवर औषध द्यायला शिकवले.

औषध निवडणे ही किती नाजूक बाब आहे, हे भोपाळइतके स्पष्ट क्वचितच दिसेल. धाप दोन प्रकारे लागते. फुप्फुसाला इजा झाली की लागते आणि घबराटीनेही लागते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. पण उपचार वेगळे, काही वेळा परस्परांच्या विरोधी. घबराटीतली छातीची धडधड आणि हाताचा कंप थांबवायला प्रोप्रॅनोलॉल नावाचे औषध देतात; दम्याच्या रोग्याच्या श्वासनलिका ते आवळून टाकते. डायझेपामच्या जातीची औषधे लगेच शांत करतात; पण ज्याची फुप्फुसे आधीच थकलेली, त्याचा श्वास आणखी मंद करू शकतात. म्हणजे भीतीवरचे योग्य औषध निवडायचे, तर आधी त्या माणसाची छाती नीट तपासायला हवी, त्याचे सगळे बोलणे ऐकायला हवे. जिथे रांगेत शेकडो माणसे उभी, तिथे हे कोण करणार?

निवडीमागे आणखी एक अडचण होती आणि ती वैद्यकाची नव्हती. भरपाईचा हिशेब मुख्यतः शरीराच्या इजेवर होत होता. १९८९ च्या फेब्रुवारीत ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि पुढे बहुतेक जखमींच्या पदरात पंचवीस हजार रुपये पडले. अशा वेळी धापेला 'मनाची' म्हणणे म्हणजे 'कारखान्याची नाही' म्हणण्यासारखे होते. अक्काने मानसोपचाराची चिठ्ठी दाव्याच्या कागदांतून स्वतःच काढून टाकली. शेजाऱ्यांनी सांगितले होते, "वेडी ठरवतील, मग खोकलाही खोटा म्हणतील." औषधाच्या एका नावात एवढा निवाडा दडलेला असतो, हे मला त्या मे महिन्यात प्रथमच कळले.

*

अक्काला पहिली गोळी मिळाली ती काम्पोजची. कोणी, कुठे दिली हे सांगण्यात आता अर्थ नाही. धाप लागते म्हणाली, झोप नाही म्हणाली, दोन मिनिटांत चिठ्ठी हातात. गोळीने झोप लागली, झटके थांबले. अक्काला ती देवासारखी वाटली. महिन्याने एकीच्या दोन झाल्या. अशी सहा वर्षे गेली. "मुन्नीची बालवाडी, पहिली, दुसरी, मला काही आठवत नाही रे," ती म्हणाली. "मी तिची वेणी घातली असेन, डबा केला असेन. पण जणू काचेच्या पलीकडून."

मग एके दिवशी मुलगी म्हणाली, "मम्मी हमेशा सोती है." अक्काने त्याच संध्याकाळी सगळ्या गोळ्या मोरीत टाकल्या. तिसऱ्या दिवशी हातपाय थरथरू लागले, झोप पार उडाली, चौथ्या दिवशी फिट आली. अशा गोळ्यांची शरीराला सवय लागते आणि त्या एकदम सोडणे धोक्याचे असते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. त्या रात्री वाऱ्याची दिशा कोणी सांगितली नव्हती, तसेच हेही.

त्यानंतर तिला एक बरे डॉक्टर भेटले. त्यांनी पहिल्या दिवशी औषधच दिले नाही. फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजण्याचे यंत्र तिच्या तोंडाला लावले आणि अर्धा तास तिच्याशी बोलले. म्हणाले, "आपकी साँस आधी फेफड़े की वजह से फूलती है, आधी डर की वजह से. दोनों सच हैं." हे 'दोनों सच हैं' अक्का आजही सांगते तेव्हा तिचा आवाज बदलतो. छातीसाठी तोंडाने ओढायचे औषध, भीतीसाठी रोजची वेगळी गोळी आणि काम्पोज हळूहळू, महिना-महिना कमी करत बंद. पुढे १९९६ साली संभावना ट्रस्टचा दवाखाना निघाला. तिथे गॅसपीडितांसाठी डॉक्टरी औषध, आयुर्वेद आणि योग एकाच छपराखाली होते. तिथे ती श्वासाचे व्यायाम शिकली.

चरकसंहितेत उपचाराचे तीन प्रकार सांगितले आहेत: दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. मंत्र-उपासना, औषध-आहार आणि मनाला अहितापासून आवरणे. एम.ए.च्या वर्गात मी ते पाठ केले होते. पण चरकाने ते तिन्ही एकाशेजारी एक मांडले आहेत, 'हे घेणारा शूर आणि ते घेणारा भित्रा' अशी प्रतवारी लावलेली नाही, हे अक्काच्या बाल्कनीत बसून प्रथम ध्यानात आले.

*

गोळीविरुद्ध माझे तीन आक्षेप होते. ते मी अक्कापुढे मांडले. पुढची उत्तरे अर्धी तिची आणि अर्धी माझी आहेत.

पहिला आक्षेप असा, की भीती मनोबलाने जिंकायची असते. यावर मला अर्जुन आठवला. गीतेच्या पहिल्या अध्यायात त्याचे तोंड कोरडे पडते, अंगाला कंप सुटतो, त्वचेचा दाह होतो, धनुष्य हातातून गळते. माझ्या डॉक्टरांनी कागदावर लिहिलेली लक्षणे याहून फार वेगळी नव्हती. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी श्रीकृष्ण त्याला चांगलेच फटकारतात. ही दुर्बळता तुला शोभत नाही म्हणतात. आपण शिक्षक मंडळी तेवढेच उचलतो. पण त्या फटकारण्याचा परिणाम काय झाला? अर्जुन 'मी लढणार नाही' म्हणून गप्प बसला. त्यानंतर सतरा अध्याय लागले. म्हणजे नुसत्या 'मन घट्ट कर'ने भागत नाही, हे खुद्द गीतेतच नमूद आहे. मी त्या मुलाला गीतेतल्या पहिल्या फटकाऱ्याइतकेच दिले आणि पुढचे सगळे अध्याय गाळले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. ऑल्डस हक्स्लीने १९३२ च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये 'सोमा' नावाच्या गोळीची कल्पना केली आहे. ती घेतली की कुठलाही अन्याय टोचत नाही. भोपाळच्या माणसाला भीतीची गोळी देणे म्हणजे त्याचा आवाज बंद करणे नव्हे काय? अक्का यावर बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "काम्पोजच्या सहा वर्षांत मी एकाही मोर्चाला गेले नाही. आणि गोळी नव्हती तेव्हाही गेले नाही. घोषणा सुरू झाल्या की श्वास अडकायचा. गेले ती नंतर." दर ३ डिसेंबरला ती कारखान्यासमोर जाते. तिथे बाळाला कवटाळून धावणाऱ्या आईचा पुतळा आहे. रुथ वॉटरमन या परदेशी शिल्पकर्तीने तो १९८५ मध्ये घडवला. अक्का तिथे मेणबत्ती लावते आणि शेवटपर्यंत थांबते. म्हणजे माणसाला झोपवणारे औषध आणि उभे राहू देणारे औषध यांत फरक आहे. हक्स्लीचा इशारा पहिल्याला लागू पडतो. निवड करायची ती इथेच.

तिसरा आक्षेप: गोळीने बरा झालेला मी, तो मीच का? याचे उत्तर मला एका जुन्या प्रयोगात सापडले. १९६० च्या सुमारास अमेरिकेत डोनाल्ड क्लाइन या मानसोपचारतज्ज्ञाने झटके येणाऱ्या रुग्णांना इमिप्रामिन नावाचे औषध दिले. काही आठवडे उलटले. रुग्ण म्हणत, काही फरक नाही. परिचारिकांच्या मात्र ध्यानात आले की हे लोक आता 'मेलो, मेलो' म्हणत धावत येईनासे झाले आहेत. झटके गेले होते. 'पुन्हा येईल' ही धास्ती मात्र उरली होती. त्यावरून कळले की झटका आणि धास्ती या दोन गोष्टी आहेत. झटका औषधाने थांबतो. धास्ती ज्याची त्याने अनुभवातून, सरावातून, कोणाशी बोलून सोडवायची. गोळी माझ्या वाटचे काम करीत नाही. ते करता येईल इतकी उसंत देते.

मिथाइल आयसोसायनेटने भरलेल्या त्या रात्रीकडे मी पुन्हा येतो. चाचींना भीती वाटत नव्हती असे नाही. त्यांनी भीतीचे म्हणणे मान्य केले, पण भीतीला पाय दिले नाहीत. चादर भिजवण्याइतका क्षण त्यांना मिळाला, आणि त्या क्षणामुळे माझी भाची आज चाळिशी ओलांडून दोन मुलांची आई आहे. सर्वांनाच तो क्षण आपल्या बळावर मिळतो असे नाही. ज्याला तो मिळत नाही, त्याने तो औषधातून मिळवला तर त्यात कमीपणा कसला? भीती खरी की खोटी, हा प्रश्न गोळी सोडवीत नाही. तो प्रश्न विचारता येईल, वारा कुठून येतो आहे ते पाहता येईल, इतकेच ती करते. आणि जी गोळी तेही करू देत नाही, डोळेच मिटवते, ती कितीही गोड लागली तरी दूर ठेवावी.

*

निवड म्हणजे केवळ घ्यायची की नाही एवढीच नव्हे. कोणती, किती दिवस आणि कोणाच्या सांगण्यावरून, हेही तिच्यात येते. अक्काने मला प्रश्न घोकायला लावले, जसे मी मुलांना पाढे घोकायला लावतो. माझा श्वास, हृदय, थायरॉईड आधी तपासले का? ही गोळी लगेच गुण देणारी की सावकाश? सवय लागणारी आहे का? पहिल्या आठवड्यात त्रास वाढेल का? थांबवायची कशी? गोळीवाचून, नुसत्या बोलण्याच्या आणि सरावाच्या उपचाराने भागेल का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळांच्या बाबतीत 'हो' असे आहे, हेही इथे सांगितले पाहिजे. मात्र तो उपचार जाणणारी माणसे आपल्या तालुक्यांत फार थोडी. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचारांची माहिती मिळण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. आपण तो मागत नाही, कारण विचारायलाही आपल्याला भीती वाटते. आणि शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याचीच गोळी मागून घेणे ही तर आपल्याकडची जुनी खोड. ती वाऱ्याबरोबर धावण्याची तऱ्हा आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशी अक्काने सकाळी स्वयंपाकघराच्या दोन्ही खिडक्या उघडल्या. पडदा कुठल्या बाजूला हलतो ते पाहिले. ही तिची चाळीस वर्षांची सवय. मग तेल तापवून तिने लाल मिरचीची फोडणी दिली. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आले, एक हात छातीवर गेला. ती भिंतीला टेकून थांबली, सावकाश श्वास सोडला आणि कढईत डाळ ओतली. "येते अजून," ती म्हणाली, "पण बसून राहत नाही." मी पिशवीतले पाकीट काढले आणि तिच्याच तांब्यातल्या पाण्याने पहिली गोळी घेतली.

त्याला आता दीड वर्ष होत आले. पहिले दहा दिवस जिवाची तगमग वाढली; डॉक्टरांनी तसे आधीच सांगितले होते म्हणून टिकलो. अर्ध्या गोळीची गरज तीनदाच पडली. झटके थांबले. प्रश्नपत्रिकांचे पाकीट फोडताना हात अजून किंचित थांबतो. ती धास्ती माझी मी सांभाळतो आहे. आता रोजची गोळी हळूहळू कमी करण्याविषयी डॉक्टरांशी बोलणे चालू आहे. बंद होईल किंवा होणार नाही. दोन्हींत मला आता लाज वाटत नाही.

या जूनमध्ये मी त्या मुलाच्या घरी गेलो. तो एका गॅरेजमध्ये काम करतो. हात पुसत बाहेर आला आणि वाकून नमस्कार करू लागला, तेव्हा मी त्याला अडवले. म्हणालो, "त्या दिवशी तुझ्या छातीत होत होतं ते खरं होतं. मी चुकलो." तो खाली पाहत राहिला. मग त्याने विचारले, "सर, आता त्यावर औषध असतंय म्हणे. पण गोळ्या खाऊन माणूस कायमचा तसाच होतो का?"

"कोणती गोळी, त्यावर आहे," मी म्हणालो. "विचारून घ्यायची."

"तुमच्या ओळखीत कोण घेतंय का?"

"मी घेतो," मी म्हणालो.

त्याने प्रथमच माझ्याकडे नीट पाहिले. पुढच्या सोमवारी आम्ही दोघे एकाच एस.टी.ने बेळगावला गेलो. सतरा नंबरच्या फॉर्मवर त्याने परीक्षेला बसावे असे मला वाटते. पण ते मी अजून बोललो नाही.